वर्कशॉपचा वेगळा डीबी आणि प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, वापरून सांगतोय

आधी थेट मुद्द्याचं बोलतो. घरी वर्कशॉप करताय, टेबल सॉ, कंप्रेसर, ग्राइंडर असलं मोटरवालं सामान येणार आहे, तर घरच्या डीबीतून (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, ब्रेकर बसवलेला डबा) एक वायर ओढून तिच्यावर पाच-सहा सॉकेट टांगायचा विचार सोडून द्या. वर्कशॉपला स्वतःचा डीबी पाहिजे आणि त्यात प्रत्येक सर्किटला स्वतःचा आरसीबीओ (ओव्हरलोड आणि लीकेज दोन्हीला तोडणारा ब्रेकर) पाहिजे. मी हाच सेट बसवून घेतलाय: १८ वेचा, म्हणजे १८ जागांचा, पत्र्याचा डबल डोअर डीबी, वरती ४० अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आयसोलेटर, म्हणजे मेन स्विच, त्याखाली सहा डबल पोल आरसीबीओ, सगळे ३० मिलीअँप लीकेजचे, ए टाईप (टाईपचं पुढे सांगतो). पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

आरसीबीओ म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमसीबी बघतो ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट. आरसीसीबी बघतो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, फरक पडला म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत चाललाय, कदाचित माणसातून. आरसीसीबी ओव्हरलोडला अजिबात ट्रिप होत नाही, वायर वितळली तरी तो शांत बसून राहील. आरसीबीओमध्ये ही दोन्ही कामं एकाच डबीत असतात. बहुतेक घरांमध्ये वरती एकच आरसीसीबी आणि खाली सगळे एमसीबी अशी रचना असते, ती घरात चालून जाते, वर्कशॉपमध्ये मला ती पटत नाही. कारण एकच. एखाद्या जुन्या ग्राइंडरने अर्थला लीकेज दिलं की अख्खी खोली एका फटक्यात अंधारात, आणि त्या अंधारात टेबल सॉचं पातं पॉवर गेल्यावरसुद्धा काही सेकंद फिरतच असतं. तुमचा हात कुठे आहे, लाकूड कुठे आहे, काही दिसत नाही. ही गोष्ट मला एवढी महत्त्वाची वाटते की बाकी काही नाही केलं तरी चालेल पण लाईटचं सर्किट मशीनपासून वेगळं करा, आणि त्याच्यावरचं प्रोटेक्शनही वेगळं करा.

आमच्याकडे हे प्रत्यक्ष घडलं म्हणून जास्त जोर देऊन लिहितोय. डस्ट कलेक्टरची मोटर सेकंडहँड आहे, एका दमट दिवशी ती चालू असतानाच तिचा आरसीबीओ खटकन खाली आला. सॉ चालूच होता, लाईट चालू होते, मी कट पूर्ण केला, सॉ बंद केला आणि मग शांतपणे डीबी उघडून बघितलं. सहामधला एकच नॉब खाली. त्यामुळे शोधाशोध नाहीच, कुठलं मशीन ते समोरच दिसत होतं. मोटरचं कव्हर काढलं तर टर्मिनल बॉक्समध्ये भुसा भरलेला, आणि तो ओलसर. साफ केला, वाळवला, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून रीडिंग बघितलं, परत चालू. एकच कॉमन आरसीसीबी असता तर एकेक प्लग काढून बघत बसावं लागलं असतं की नक्की कोण.

आता प्लॅनिंगवर येतो, कारण डीबी कितीही भारी आणला तरी लोडची यादी नीट केली नसेल तर उपयोग नाही. आमच्या वायरमनदादांनी सगळ्यात आधी मशीनच्या नेमप्लेट बघायला मागितल्या, तिथेच मला माणूस कामाचा वाटला. नेमप्लेटवर २ एचपी लिहिलंय म्हणजे दीड किलोवॅट, पण तो शाफ्टवरचा आउटपुट. मोटरची एफिशियन्सी पाऊण धरली तर आत २ किलोवॅट जातात, पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर २३० व्होल्टला साधारण १० अँपिअर. हे झालं फुल लोडला चालतानाचं. चालू होताना इंडक्शन मोटर सहा ते आठ पट करंट खेचते, म्हणजे ६० ते ८० अँपिअर, अगदी थोड्या वेळापुरते. ही दोन्ही आकडेवारी कागदावर पाहिजे कारण पहिल्यावरून केबल आणि एमसीबीचं रेटिंग ठरतं आणि दुसऱ्यावरून कर्व्ह, म्हणजे रेटिंगच्या किती पट करंटला एमसीबी लगेच पडतो तो प्रकार.

मग एकावेळी काय काय चालणार ते बघायचं. एकट्या माणसाचं वर्कशॉप असेल तर सगळ्या मशीनची बेरीज करायची गरज नसते, तुम्हाला हात दोनच आहेत. सॉ चालू असेल तर डस्ट कलेक्टर चालू असणार, आणि कंप्रेसर मात्र कुणालाही न विचारता स्वतःच्या प्रेशर स्विचवर मध्येच सुरू होणार. म्हणजे १० अधिक ५ अधिक १० आणि लाईट-पंखा एखाद-दोन अँपिअर. २६-२७ च्या आसपास. म्हणून घरच्या मेनवरून वर्कशॉपसाठी ३२ अँपिअरचा फीड घेतला. तुमच्या घराचा मंजूर लोड तेवढा आहे का हे आधी बघा, नसेल तर वाढवून घ्या, वर्कशॉप आणि घरातला गिझर एकदम चालू झाला की मेन उडणार हे उघड आहे.

केबलचा नियम एका ओळीचा आहे, लोडचा करंट एमसीबीच्या रेटिंगपेक्षा कमी आणि एमसीबीचं रेटिंग केबलच्या क्षमतेपेक्षा कमी. उलटं कधीच नाही. ट्रिप होतोय म्हणून १६ चा काढून ३२ चा एमसीबी बसवणारे लोक मी बघितलेत, वायर तीच अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर), म्हणजे आता वाचवायला कुणी उरलंच नाही, पहिले वायरच जळणार. आणि १६ चा एमसीबी म्हणजे १६.१ ला ट्रिप होतो असंही नाही बरं का. स्टँडर्डप्रमाणे १.१३ पट करंटला, म्हणजे १८ अँपिअरला, तो तासभर ट्रिप होता कामा नये, आणि १.४५ पट म्हणजे २३ च्या थोडं वर गेलं की तासाभरात ट्रिप झालाच पाहिजे. हे माहीत असलं की केबलला थोडी जागा ठेवायची अक्कल आपोआप येते.

फीडसाठी अंतर साधारण २० मीटर. इथे अडीच एमएम आणि सहा एमएम कॉपर यांचा हिशोब दोघांनी बसून केला. सहा एमएमचं जाऊन-येऊन रेझिस्टन्स २० मीटरला ०.१२ ओहमच्या आसपास, अडीचचं ०.३ च्या आसपास. सॉ चालू होताना ६५ अँपिअर खेचले तर सहा एमएममध्ये ८ व्होल्ट पडतात आणि अडीचमध्ये १९. अडीचची केबल ३२ अँपिअरच्या फीडला अशीही बसत नाही, पण मुद्दा असा की मोटरचा स्टार्टिंग टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झालं की टॉर्क जवळजवळ १९ टक्के कमी. मग मोटर घुरघुरते, उठायला वेळ घेते, तेवढा वेळ ती स्टार्टिंगचाच करंट खेचत राहते आणि एमसीबी पडतो. लोक म्हणतात एमसीबी खराब आहे. खरं म्हणजे केबल बारीक असते.

कर्व्हचं पण असंच. बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पटीत लगेच ट्रिप होतो, सी ५ ते १० पटीत, डी १० ते २० पटीत. १६ चा बी घेतला तर ४८ ते ८० अँपिअरच्या मध्ये कुठेही ट्रिप होऊ शकतो, आणि आपला सॉ नेमका त्याच पट्ट्यात सुरू होतो, म्हणजे कधी चालू होईल कधी नाही होणार. सी १६ ला ८० पर्यंत तरी मोकळीक आहे. म्हणून मोटरच्या सगळ्या सर्किटला सी, लाईटला बी ६. काही जण सरळ डी लावायला सांगतात, मला ते पटत नाही. डी १६ शॉर्ट सर्किटला लगेच ट्रिप व्हायची खात्री हवी तर ३२० अँपिअर वाहायला पाहिजेत, त्यासाठी पूर्ण लूपचा, म्हणजे फॉल्टचा करंट ज्या वाटेने जाऊन परत येतो तिचा, रेझिस्टन्स ०.७ ओहमच्या आत पाहिजे, आणि लांबच्या केबलच्या टोकाला तो मिळेलच असं नाही. सी १६ ला १.४ ओहमपर्यंत चालतं. लूप टेस्टर लावून मोजून घ्या, अंदाजावर सोडू नका.

अर्थिंगबद्दल मात्र जरा थांबून लिहितो कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "अर्थिंग केलंय ना, मग काय भीती" असं सगळे म्हणतात. समजा तुमच्याकडे स्वतःचा अर्थ रॉड आहे आणि त्याचा रेझिस्टन्स २० ओहम आला. मशीनच्या बॉडीला फेज लागला तर करंट वाहणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी साडेअकरा अँपिअर आयुष्यभर वाहून नेईल, ट्रिप होणारच नाही, आणि मशीनची बॉडी तशीच जिवंत राहील, हात लावणाऱ्याची वाट बघत. अशा ठिकाणी माणसाला वाचवणारी वस्तू एकच, ३० मिलीअँपची लीकेज डिव्हाइस. तिला साडेअकरा अँपिअर म्हणजे शेकडो पट जास्त, ती ४० मिलीसेकंदांच्या आत तोडते. म्हणून अर्थिंग आणि आरसीबीओ दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. आणि हेही लक्षात ठेवा की एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीबीओला काहीच फरक दिसत नाही, त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे एक बल्ब. तिथे तो वाचवणार नाही.

टाईप बघून घ्या, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. एसी टाईप फक्त साध्या साईन वेव्हचं लीकेज पकडतो. आजच्या टूल्समध्ये स्पीड कंट्रोल, सॉफ्ट स्टार्ट, चार्जर असतात, त्यांच्यातलं लीकेज तुटक डीसी स्वरूपाचं असू शकतं, ते पकडायला ए टाईप पाहिजे. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावणार असाल तर एफ टाईप, आणि थ्री फेज इनपुटचा व्हीएफडी असेल तर बी टाईपचा विचार करावा लागतो, तिथे ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचा. डबीवर छोटं चिन्ह असतं, एसीला नुसती लाट, ए ला लाट आणि त्याखाली अर्ध्या लाटांचे उंचवटे. मी दुकानातच चष्मा लावून सहाही तपासले.

आता प्रॉडक्टबद्दल. डीबीचा पत्रा जाड आहे, दार बंद झाल्यावर गॅप नाही, आणि दाराला रबरी गास्केट आहे. भुसा आणि ग्राइंडिंगची धूळ असलेल्या खोलीत ही चैन नाही, गरज आहे. आयपी ५४ घेतलाय, पाचचा आकडा म्हणजे धुळीपासून पुरेसं संरक्षण, सहा म्हणजे पूर्ण बंद. लाकडाचा बारीक भुसा टर्मिनलवर बसला आणि टर्मिनल ढिलं असलं की काय होतं ते सांगायला नको. बसबार कॉपरचा आहे, दात आरसीबीओच्या टर्मिनलमध्ये पूर्ण आत बसतात, वरून प्लास्टिकचं कव्हर. न्यूट्रल आणि अर्थसाठी वेगळ्या पट्ट्या, प्रत्येक वायरला स्वतःचा स्क्रू, एका भोकात दोन वायर कोंबायची वेळ येत नाही. वायरमनदादांनी प्रत्येक वायरला लग क्रिंप केला आणि टॉर्क स्क्रू ड्रायव्हरने कसला, आरसीबीओच्या अंगावर किती न्यूटन मीटर ते छापलेलं असतं. काही आठवडे वापरून झाल्यावर परत एकदा सगळं तपासून घेतलं, मेन बंद करून. डीबीतली आग बहुतेकवेळा ढिल्या स्क्रूपासून सुरू होते, महाग डबी घेऊन स्क्रू ढिला ठेवला तर पैसे पाण्यात.

नॉबचा फील घट्ट आहे, चालू-बंद करताना मध्ये कुठे अडकल्यासारखं वाटत नाही, आणि आत कॉन्टॅक्ट खरोखर उघडलाय का ते दाखवणारी लाल-हिरवी खिडकी आहे. टेस्टचं बटण दाबलं की सहाही खटकन पडतात, मी ते नियमाने दाबतो. पण टेस्ट बटण म्हणजे डबीच्या आतली यंत्रणा चालू आहे एवढंच, तुमचं अर्थिंग बरोबर आहे की नाही हे ते सांगत नाही.

डबल पोल का घेतले तेही सांगतो. एका मॉड्यूलचे बारीक आरसीबीओ मिळतात, जागा निम्मी लागते, पण त्यातले बरेचसे फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, आणि आतलं सर्किट इलेक्ट्रॉनिक असतं, त्याला स्वतः चालायला सप्लाय लागतो. वरती कुठे न्यूट्रल तुटला तर फेज जिवंत आणि संरक्षण झोपलेलं अशी अवस्था होऊ शकते, म्हणून काहींना वेगळी फंक्शनल अर्थची वायर दिलेली असते, ती जोडलीच पाहिजे, शोभेची नाही ती. माझ्या डबल पोलमध्ये लीकेजचा भाग सप्लायवर अवलंबून नाही, डेटाशीटमध्ये तसं स्पष्ट दिलंय. घेताना हा एक प्रश्न विचाराच.

वरच्या बाजूला एक काळजी घ्या. घरच्या मेन डीबीत आधीच ३० मिलीअँपचा आरसीसीबी असेल आणि वर्कशॉपचा फीड त्याच्या खालून घेतला तर लीकेज झाल्यावर दोन्हीपैकी कोण आधी पडेल सांगता येत नाही, घरातला फ्रीज पण बंद आणि तुमचे वर्कशॉपचे लाईट पण बंद, सगळ्या मेहनतीवर पाणी. फीड त्याच्या वरून, स्वतंत्र ३२ च्या एमसीबीवरून घ्या, आणि तिथेही लीकेज प्रोटेक्शन हवंच असेल तर एस टाईपचा, म्हणजे थोडा थांबून पडणारा, १०० किंवा ३०० मिलीअँपचा लावा.

अर्धा मार्क कापला त्याची कारणं. पहिलं, ट्रिप झाल्यावर ओव्हरलोडने पडला की लीकेजने हे माझ्या मॉडेलवर कळत नाही, काही मॉडेलवर वेगळा इंडिकेटर असतो, वर्कशॉपसाठी तो असायलाच हवा होता. दुसरं, शेजारी शेजारी भरलेले आरसीबीओ गरम होतात. थर्मल ट्रिपचं कॅलिब्रेशन ३० अंशांना केलेलं असतं, पत्र्याच्या बंद डब्यात उन्हाळ्यात तापमान त्याच्या बरंच वर जातं आणि मग डबी रेटिंगच्या आधीच पडायला लागते. सॉ आणि कंप्रेसरच्या मध्ये आम्ही एक रिकामा स्पेसर टाकला, लाईटचा कमी लोडवाला त्यांच्या शेजारी घेतला, तेव्हापासून त्रास नाही. डीबीसोबत स्पेसर द्यायला काय हरकत आहे, वेगळे शोधावे लागले.

कंप्रेसर सुरुवातीला अधूनमधून ट्रिप करायचा आणि मला आरसीबीओचाच संशय होता. क्लॅम्प मीटर लावून बसलो. रिकाम्या टाकीवर एकदम छान सुरू, पण प्रेशर कमी होऊन स्वतःहून सुरू झाला की मीटरचा आकडा वर जाऊन तिथेच अडकायचा. कंप्रेसर बंद होताना जो "फुस्स" असा आवाज येतो, तो येत नव्हता. अनलोडर व्हॉल्व्ह चिकटलेला होता, त्यामुळे पिस्टनवर दाब तसाच आणि मोटरला भरल्या दाबावर उठायचं होतं. व्हॉल्व्ह बदलला, ट्रिप बंद. आरसीबीओ त्याचं काम चोख करत होता.

वेल्डिंगवाल्यांसाठी थोडं. वेल्डिंग इन्व्हर्टरवर २०० अँपिअर लिहिलंय म्हणून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. ९० अँपिअरवर काम केलं तर आर्कचं व्होल्टेज २४ च्या जवळपास धरायचं, एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर धरून सप्लायमधून १५-१६ अँपिअर जातात. १६० वर गेलात तर हाच आकडा ३० ओलांडतो. मी पातळ पत्रा आणि अँगलचंच काम करतो म्हणून सी २० चं वेगळं सर्किट, चार एमएमची वायर आणि इंडस्ट्रियल सॉकेट. जाड प्लेट जोडणाऱ्यांनी फीडपासून सगळा हिशोब परत करावा.

आणि डीबी जे करू शकत नाही ते. लाईट गेली आणि परत आली तर सॉ आपोआप सुरू होईल, आरसीबीओला त्याचं काही देणंघेणं नाही. त्यासाठी नो व्होल्ट रिलीजचा स्विच लागतो, सप्लाय गेला की तो सुटतो आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन उठत नाही. सॉ, प्लेनर आणि बेंच ग्राइंडरला हा स्विच लावून घेतलाच पाहिजे, यात मी कुठलीही तडजोड ऐकणार नाही. सोबत दाराजवळ मशरूम टाईपचं लाल इमर्जन्सी बटण, ते कॉन्टॅक्टरमार्फत सगळ्या मशीन तोडतं पण लाईट तोडत नाही.

काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि शेवटी टेस्टचे आकडे लिहून घ्या: इन्सुलेशन, लूप, अर्थ, प्रत्येक आरसीबीओचा ट्रिप टाईम. आमच्याकडे तो कागद प्लास्टिकमध्ये घालून डीबीच्या दाराच्या आतून चिकटवलाय, शेजारी कुठला नॉब कशाचा त्याची यादी. मोकळे वे ठेवलेत त्यातले दोन व्हीएफडीवाल्या लेथसाठी आहेत, तिथे एफ टाईप येईल, आणि तो चालवून बघितला की इथेच खाली लिहीन.